शंभर रिकाम्या पेट्या

चिरंजीव टेक्सासात नोकरीला असल्यामुळे आम्हा उभयतांना कधी ना कधी अमेरिका पाहायला मिळणार, हे ठरलेलेच होते. पण ती एका व्हॅनमध्ये झोपून, त्याच व्हॅनमध्ये पोहे करून आणि सूनबाईंच्या उशीशेजारी उभे राहून दात घासत पाहावी लागेल, याची कल्पना सोलापूर सोडताना कोणी दिली नव्हती. जायचे होते मार्फा नावाच्या गावाला, एका शिल्पकाराने तेथे मांडलेल्या शंभर पेट्या पाहायला. टेक्सासच्या पार पश्चिमेला, चिवावा वाळवंटातले हे गाव १८८३ मध्ये वाफेच्या इंजिनांना पाणी भरण्यासाठी वसले आणि २०२० च्या जनगणनेनुसार तेथे १,७८८ माणसे राहतात. एवढी माणसे आमच्या नव्या पेठेत सणाच्या संध्याकाळी एकमेकांच्या पायावर पाय देत असतात.

डोनाल्ड जड या शिल्पकाराने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कहून आपला मुक्काम येथे हलवला, कारण त्याच्या कलाकृतींना भोवताली मोकळी जागा हवी होती आणि एकदा मांडलेली वस्तू पुन्हा कोणी हलवू नये, अशी त्याची इच्छा होती. हे चिरंजीव आम्हांला मोठ्या भक्तिभावाने सांगत होते तेव्हा माझे गुडघे मसाल्याच्या डब्याला टेकलेले होते आणि तो डबा हलवल्याशिवाय गॅस पेटवता येत नव्हता. व्हॅनमधले जेवणाचे मेज रात्री खाली सरकवून त्यावर गादीचे तुकडे ठरावीक क्रमाने जुळवले की पलंग तयार होत असे. क्रम चुकला की एक तुकडा कमी पडे आणि तो नेमका माझ्या पाठीखालचा असे. शेवटच्या माणसाचे जेवण आटोपेपर्यंत कोणालाच आडवे होता येत नसे, आणि आमची नात तर एकेक घास गालात धरून अर्धा तास घालवते. स्वच्छतागृहही होते, परंतु जो वापरील त्यानेच ते रिकामे करायचे, असा नियम चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी जाहीर केल्यामुळे संपूर्ण प्रवासात ते नव्यासारखे राहिले.

वाळवंट म्हणजे उकाडा, आणि उकाड्याचे आम्हां सोलापूरकरांना काय कौतुक, अशा गुर्मीत मी सुती सदरे तेवढे घेतले होते. मार्फा सुमारे १,४३० मीटर उंचीवर आहे, हे मला रात्री दोन वाजता कळले. सूनबाईंना भेट म्हणून नेलेली सोलापुरी चादर त्या रात्री बांधलेली घडी मोडून आम्ही दोघांनी पांघरली. भेट देण्याचा समारंभ त्यानंतर झालाच नाही.

आम्ही पोहोचलो तो सोमवार. आठवड्याच्या सुरुवातीला हे गाव बहुतांशी बंद असते. बंद दार, काचेमागे पांढरी भिंत, भिंतीला टेकवलेली एक फळी; हे कलादालन आहे, कलाकृती आहे की सुताराचे अर्धवट राहिलेले काम, हे ओळखण्याची सोय नाही. वेळ काढायला मग चिरंजीवांनी गावाबाहेर बेचाळीसेक किलोमीटरवरचे प्राडा या महागड्या बूट-पर्सवाल्या इटालियन कंपनीचे दुकान दाखवायला नेले. २००५ मध्ये एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या जोडीने उभारलेल्या या दुकानाचे दार उघडतच नाही, कारण ते दुकान नसून शिल्प आहे. सुरुवातीलाच चोरी झाल्यामुळे नंतर आत सगळे उजव्या पायाचेच बूट ठेवले आणि पर्सचे तळ काढून टाकले. "गड्ड्याच्या जत्रेत माझी डावी चप्पल गेली, तेव्हा कोणी फोटो काढायला आलं नाही," असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या आणि व्हॅनमध्ये जाऊन बसल्या.

रात्री मार्फाचे गूढ दिवे पाहायचे होते. महामार्गाच्या कडेला त्यासाठी खास जागा बांधलेली आहे. दूर क्षितिजावर ठिपके लुकलुकले, एकातून दोन झाले, विझले. अभ्यासकांच्या मते यांतले बरेचसे दिवे महामार्ग क्रमांक ६७ वरून येणाऱ्या गाड्यांचे असतात. "पुणे रोडवरचे ट्रक आपल्या गच्चीवरून दिसतात की," असे मी म्हणालो. चिरंजीव नंतर बराच वेळ बोलले नाहीत.

पेट्या पाहायला मिळाल्या त्या मात्र पुढे दोन दिवसांनी. लष्कराच्या जुन्या छावणीतल्या तोफखान्याच्या दोन शेडमध्ये जडने ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या आहेत. प्रत्येकीचे बाहेरचे माप एकच, ४१ बाय ५१ बाय ७२ इंच. आतली रचना मात्र प्रत्येकीची वेगळी. माझी सारी नोकरी सूतगिरणीच्या गोदामात गेली. तेथे एवढ्या पेट्या रिकाम्या सापडल्या असत्या तर लेखापरीक्षकाने मला घरी पाठवले असते. त्यामुळे हात पाठीमागे बांधून मी त्या एका टोकाकडून तपासायला लागलो. एकीला आत तिरपा पत्रा, दुसरीचा वरचा पत्राच नाही, तिसरी मधोमध चिरलेली. काही अंतर गेल्यावर जडने बसवलेल्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आत सरकले आणि समोरच्या पेटीची बाजू दिसेनाशी झाली. तिच्या जागी बाहेरचे पिवळे गवत दिसू लागले. मी मागे सरलो, तशी पेटी परत आली. ही करमणूक मी इतका वेळ करत राहिलो, की मार्गदर्शक बाईंना माझ्याजवळ येऊन उभे राहावे लागले.

याच शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धकैदी ठेवले होते आणि भिंतीवरचा त्या काळचा जर्मन मजकूर जडने पुसला नाही. डोके गमावण्यापेक्षा ते वापरणे बरे, अशा अर्थाचा तो आहे. चिरंजीवांनी तो वाचून दाखवताना माझ्याकडे का पाहिले, हे मी विचारले नाही. हिला मात्र एकच प्रश्न पडला होता: "शंभर पेट्या रोज पुसतं कोण? आणि पुसणाऱ्याला तरी हात लावू देतात का?" सूनबाईंनी तो इंग्रजीत विचारला, तेव्हा त्या बाई पहिल्यांदाच मनापासून खुलल्या आणि धूळ, बोटांचे ठसे, फडकी या विषयांवर दोघींचे सूनबाईंमार्फत असे काही जमले की आमचा गट पुढे निघून गेला.

सोलापूरला परतल्यावर मी माडीवरची शिसवी पेटी रिकामी केली, खिडकीसमोर मधोमध ठेवली आणि तिला कोणी हात लावू नये, असे घरात सांगितले. आठवडाही गेला नसेल, एका दुपारी ऊन कसे पडते ते पाहायला वर गेलो, तर पेटीत शेंगदाण्यांचे पोते होते आणि झाकणावर पापड वाळत होते. पापडांना हात लावू नये, असे मला खालूनच ओरडून सांगण्यात आले.