सातवी गोळी

रिव्हॉल्व्हरच्या चक्रात साधारण सहा गोळ्या मावतात. जुन्या काऊबॉयपटांतला नायक त्यातून बिनदिक्कत नऊ-दहा झाडतो आणि सातव्या गोळीला माझ्या तोंडून "सात!" निघून जातं. त्यावर घरातून ठरलेला प्रश्न येतो, "अहो, सिनेमा बघायचाय की हिशेब तपासायचाय?" प्रश्न रास्त आहे. पण मोजायची खोड एकदा लागली की खरजेसारखी जात नाही. जुन्या हॉलिवूडच्या बाबतीत तिने माझं सगळंच उलटंपालटं करून टाकलंय. हाणामारीचे चित्रपट बघताना मला हसू आवरत नाही आणि विनोदी बघताना पोटात गोळा येतो.

'बुलिट'चंच घ्या. १९६८ सालचा, स्टीव्ह मॅक्वीनचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर हिरवी मस्टँग आणि काळी डॉज चार्जर जवळजवळ ११ मिनिटं एकमेकींच्या मागे लागतात. पार्श्वसंगीत अगदी नेमक्या क्षणी बंद पडतं आणि मग फक्त इंजिनं बोलतात. पाठलाग कसा करावा याचा हा वस्तुपाठ आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या चार्जरच्या चाकांच्या थाळ्या मोजा! गाडीला चाकं चार, आणि उडून पडणाऱ्या थाळ्या चाराहून जास्त. शिवाय दोन्ही गाड्या एवढ्या सुसाट, तरी तीच एक हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा त्यांच्या वाटेत येते. कारण साधं आहे. एकच धाव वेगवेगळ्या कोनांतून टिपली आणि कापून एकापुढे एक जोडली. प्रेक्षकाला वाटतं गाड्या मैलभर पुढे गेल्या, प्रत्यक्षात त्या तोच उतार परत उतरत असतात. मला मात्र त्या बीटलवाल्याची दया येते. बिचारा मंडईत निघाला असेल.

'कमांडो'मध्ये (१९८५) तर चमत्कारच. पिवळी पोर्शे एका कुशीवर पडून चेपते, श्वार्झनेगर ती हातांनी सरळ करतो, बसतो आणि निघतो, तेव्हा चेपलेली बाजू नव्या कोऱ्या गाडीसारखी चकचकीत! आमच्या गल्लीतला डेंटिंगवाला या कामाला चार दिवस सांगतो आणि आठ लावतो.

गाडी हवेत कोलांटी कशी खाते, हेही एकदा कळलं की गंमत संपते, किंवा सुरू होते म्हणा. एक पद्धत रॅम्पची, एका बाजूची चाकं त्यावर चढवायची. दुसरी तोफेची. गाडीच्या पोटात जमिनीकडे तोंड करून नळकांडं बसवतात, त्यात लाकडी खांबाचा तुकडा ठासतात आणि वेगात असताना बार काढतात. तो खांब जमिनीला रेटा देतो आणि गाडी उलथते. १९७४ च्या 'मॅक्क्यू'मध्ये हा प्रकार वापरला. त्या काळच्या चित्रपटांत गाडी उलटताना तिच्याखाली धूर आणि ओंडका दिसतोय का ते बघा. पिस्तुलाच्या गोळीने पेट्रोलची टाकी अशी भडकत नाही, तो नारिंगी भडका आणि काळा धूर म्हणजे मुद्दाम पेट्रोल ठेवून, बारूद लावून केलेली रोषणाई. खऱ्या स्फोटकाचा एक झपकन लखलखाट होतो आणि मग उरते राखाडी धूळ. तिकिटाचे पैसे धुळीला कोण देणार?

एक अपवाद नमूद करतो, नाहीतर अन्याय होईल. 'डाय हार्ड'मध्ये (१९८८) इमारतीवरून खाली पडणारा ॲलन रिकमन. त्याला सांगितलं होतं, तीन म्हटलं की सोडू. सोडलं एक म्हणताच. त्या चेहऱ्यावरची भीती अभिनयाच्या खात्यात टाकू नका.

आता विनोदाकडे येतो. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते. वरच्या उघड्या खिडकीतून तो अलगद वाचतो आणि प्रेक्षक हसतात. ती भिंत सुमारे दोन टनांची होती. हलकी केली असती तर विमानाच्या इंजिनांनी घातलेल्या त्या वाऱ्यात ती पिळवटून तिरकी पडली असती, म्हणून मुद्दाम जड. तळाशी बिजागऱ्या, खिडकीची उंची मोजून पायांची जागा ठरवलेली, आणि खांद्यांना मोकळीक जेमतेम दोन-तीन इंच. तिथे गडी ढिम्म उभा. हे बघून खो खो हसणाऱ्या माणसाचं मला नवल वाटतं. मी अजून श्वास रोखतो.

हॅरॉल्ड लॉइडचंही तसंच. 'सेफ्टी लास्ट'मधलं (१९२३) घड्याळाच्या काट्याला लोंबकळणं सगळ्यांना ठाऊक आहे. इमारतीची खोटी भिंत दुसऱ्या खऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभारलेली, त्यामुळे मागे दिसणारा रस्ता खरा. खाली फळ्या आणि गाद्या होत्या, पण चौकटीबाहेर. त्यांची परीक्षा म्हणून आधी एक बाहुला टाकला, तर तो गादीवरून उसळून थेट रस्त्यावर गेला! आणि ज्या उजव्या हाताने लॉइड लटकतो, त्याचा अंगठा आणि तर्जनी १९१९ मध्येच एका 'नकली' बॉम्बने नेलेली. दिसतं ते हातमोज्याचं काम.

मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळतात, हा दोष बहुतेक वेळा त्यांचा नसतो. सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी टिपलेलं चोवीसने दाखवलं की सासरेबुवाही माकडासारखे दिसतील. योग्य वेगाची प्रत शोधा, कीटनची चाल किती डौलदार होती ते कळेल.

'एअरप्लेन!'ची (१९८०) एक गोष्ट मात्र कानांनी बघायची. विमान जेट आहे आणि आवाज पंख्याच्या विमानाचा, तोही शेवटपर्यंत. त्यावर कोणी काही बोलत नाही. १९५७ चा 'झीरो अवर!' नावाचा गंभीर चित्रपट रीतसर हक्क घेऊन जवळजवळ तसाच उचललाय आणि गंभीर भूमिका करणाऱ्या नटांना सांगितलंय, चेहरा गंभीरच ठेवा, संवाद म्हणा. या आवाजाबद्दल मी घरात सांगितलं, ते सांगायला नको होतं. आता कोणाला त्या चित्रपटात दुसरं काही ऐकूच येत नाही आणि दोष माझ्याकडे येतो.

तरी सर्वांत जवळचा चित्रपट जाड्या-रड्यांचा, म्हणजे लॉरेल-हार्डीचा, 'द म्युझिक बॉक्स' (१९३२). तीन रिळांचा, ऑस्कर मिळालेला. लॉस एंजेलिसमधल्या १३३ पायऱ्यांवरून दोघं एक पियानो वर नेतात. तो घरंगळतो, पुन्हा चढवतात, पुन्हा घरंगळतो. घामाघूम होऊन एकदाचे वर पोचतात, तर पोस्टमन सांगतो, अहो, हे काय केलंत, खालून गाडीरस्ता आहे की! ते दोघं क्षणभर विचार करतात आणि पियानो १३३ पायऱ्या उतरवून, गाडीत घालून, रस्त्याने परत वर आणतात.

पोस्टमन अगदी बरोबर बोलला होता. घरच्यांच्या मते तो पोस्टमन म्हणजे मी.