तंबू कुठलाही घ्या, पण पोरांच्या पाठीखाली काय आहे ते आधी बघा

दिवाळी उलटून रात्री गार पडायला लागल्या की सगळीकडे एकच प्रश्न फिरतो. "दोन मुलं आहेत, शनिवार-रविवार कॅम्पिंगला जायचंय, तंबू कुठला घेऊ?" माझ्या मते प्रश्नच चुकलाय. एखादी अवकाळी सर सोडली तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सह्याद्रीत पाऊस नसतो. त्या दिवसांत तंबूला वारा, दव आणि किडामुंगी एवढंच अडवायचं असतं, आणि दुहेरी कापडाचा, तळ शिवलेला साधा डोम तंबू ते काम बिनतक्रार करतो. बजेट दहा हजारांचं असेल तर तंबूवर निम्म्याहून कमी घाला. बाकीचे अंथरुणावर.

कारण मुलं रात्री दोनला रडत उठतात ती वरून नाही, खालून गारठल्यामुळे. पांघरूण ऊब धरतं ते त्याच्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली आलेला भाग वजनाने चेपतो, हवा निघून जाते आणि तेवढ्या भागात ते पांघरूण निव्वळ कापड उरतं. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी पाठीखाली तिचंही हेच होतं. जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. घरी गादी असते म्हणून हे कधी जाणवत नाही.

हवा भरायच्या गाद्यांच्या मोहात पडू नका. आत नुसती हवा असते, ती गादीतल्या गादीत फिरते आणि वरची ऊब खाली नेऊन सोडते. शिवाय डिसेंबरात आपल्या माळावर कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याचं एक कुसळ मोज्यातून आत आलं की गादी पहाटे तीनला जमिनीला टेकते.

अंथरूण खालून वर असं लावा. तंबूच्या बाहेर, तळाखाली ताडपत्री घाला. तिच्या कडा चारी बाजूंनी आत दुमडा, कारण बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पडलेलं दव ओघळून थेट तळाखाली जमा होतं. तंबूत १० मिमी जाडीच्या फोमच्या मॅट एकमेकींना चिकटवून पसरा आणि जोडावर रुंद चिकटपट्टी मारा. मॅट साधारण ५०-६० सेंटिमीटर रुंद असते आणि मूल रात्रभर एका जागी राहत नाही. जोड उघडा राहिला की ते नेमकं फटीत जातं. त्यावर घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची खरी घोंगडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही आणि चेपली तरी फार बसत नाही. अंगाला टोचते, म्हणून तिच्यावर सतरंजी. पांघरायला गोधड्या किंवा स्लीपिंग बॅग. मुलं मधे, मोठी माणसं कडेला.

स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवरच्या ठळक आकड्यावर जाऊ नका. बऱ्याचदा तो जेमतेम तग धरण्याचा आकडा असतो, निवांत झोपेचा नाही. शेजारी बारीक अक्षरात 'कम्फर्ट' तापमान दिलेलं असतं, ते बघा. भंडारदऱ्यासारख्या साडेसातशे मीटर उंचीच्या ठिकाणी जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याही खाली जातो, तेव्हा कम्फर्ट ५ ते ८ अंशांचं हवं. मोठ्यांच्या बॅगेत मूल झोपवायचं तर पायाकडचा रिकामा भाग दोरीने बांधून टाका. तेवढी हवा तापवत बसायला त्या लहान अंगात ऊब कुठून येणार?

झोपण्याआधी कपडे बदलायचे म्हणजे सगळे बदलायचे, आतल्या बनियनसकट. दिवसभराच्या घामाने ओलसर झालेलं सुती कापड रात्री बर्फासारखं लागतं. एक कोरडा मोज्यांचा जोड फक्त झोपेसाठी ठेवा, तो दिवसा बाहेर काढायचा नाही. माकडटोपी घालायला मूल नको म्हणेल, घाला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, बाटलीवर मोजा चढवून पायाशी द्या. ते पाणी सकाळी चहाला कामी येतं.

आता एक गोष्ट, जिच्यात तडजोड नाही. तंबूत शेगडी, निखारे, गॅस यांतलं काहीही न्यायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही, चेन उघडी ठेवूनसुद्धा नाही. धूर थांबलेले लालबुंद निखारे सगळ्यांत घातक, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोपलेला माणूस खोकत उठत नाही, उठतच नाही.

आणि थंडी वाजते म्हणून तंबू हवाबंदही करू नका. चौघांच्या श्वासातून रात्रभरात लिटरभराच्या आसपास पाणी बाहेर पडतं. वरची जाळी झाकली की ते कापडाच्या आतल्या बाजूला धरतं आणि सकाळी "तंबू गळला" म्हणून बोंब होते. गळलेला नसतो, घामेजलेला असतो. वरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा. बाहेरचं कापड आतल्या कापडाला कुठेही टेकू देऊ नका, त्यासाठीच त्या ताणाच्या दोऱ्या असतात. पिशवीवर 'चार माणसांचा' लिहिलेला तंबू दोन मोठी आणि दोन लहान यांना बरोब्बर पुरतो. सामान त्यात बसत नाही, ते गाडीत राहू द्या.

जागा. फोटोत सगळे तंबू पाण्याला खेटून दिसतात, कुटुंबासाठी तीच सगळ्यांत वाईट जागा. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत येऊन पाण्याकाठच्या खोलगटात साचते. पंधरा-वीस मीटर वर चढलात तरी फरक अंगाला कळतो, दवही कमी पडतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, ते शेतीच्या पाण्यासाठी. शेतीला पाणी सोडण्याचं आवर्तन सुटलं की धरणातलं पाणी खाली उतरतं आणि मागे वरून वाळलेला, आतून लिबलिबीत गाळ उरतो. त्यात पाय रुततो. पाण्याखालचा उतारही एकसारखा नसतो. जुनी नाळ, बांध, पात्र सगळं खाली तसंच असतं, आणि कमरेएवढं पाणी पुढच्या पावलाला डोक्यावरून जातं. म्हणून मुलांना पाण्यात उतरवायचं नाही. बोटीत बसवायचं तर लाइफ जॅकेट त्यांच्या मापाचं हवं. खांद्यांना धरून वर उचललं तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये.

कोरड्या ओहोळात, कड्याच्या पायथ्याशी, सुक्या फांद्यांखाली तंबू नको. वर मान करून झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ नाही ना ते बघा. असेल तर तिथे चूल नाही, शेकोटी नाही, उदबत्ती नाही, सरळ जागा बदला. धुराने उठलेलं आग्या मोहोळ लांबवर पाठलाग करतं. आणि भंडारदऱ्याचा हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, मनाला येईल तिथे राहुटी ठोकता येत नाही. गावातल्या कुणाच्या खाजगी जागेत, त्यांना विचारून आणि पैसे देऊन राहा. ते सोयीचंही असतं, पाणी मिळतं आणि रात्री माणूस हाकेवर असतो. किल्ल्यावर मुलांना घेऊन मुक्काम करायचा बेत असेल तर त्याआधी तो संरक्षित स्मारक आहे का ते तपासा. लोहगडासारख्या केंद्राच्या ताब्यातल्या गडांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही.

आपल्याकडे वर दोन बोटं माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्या घावात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची जाड खिळे आणि एक हातोडी न्या. खुंटी तंबूपासून बाहेर कलती ठोका. जातच नसेल तर दोरीच्या टोकाला आडवी काठी बांधून तिच्यावर धोंडे रचा. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर अंधारात पहिलं मूल दहा मिनिटांत तोंडावर आपटतं.

हे सगळं उजेडात उरकायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य जातो आणि डोंगराआड तो आणखी आधी जातो. साडेतीनपर्यंत पोचायचं म्हणजे मुंबईहून सकाळी आठला निघायचं. "जेवून निघू" म्हणणारे अंधारात, भुकेल्या पोरांसमोर, मोबाइलच्या उजेडात तंबूचे बांबू जोडत बसतात.

जेवणात हौस नको. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ नेला की पहिलं जेवण झालं. रात्री खिचडी. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, मीठ, हळद, गोडा मसाला असं सगळं एकत्र करून घरूनच पुडी बांधा, फोडणीचं सामान वेगळ्या पुडीत. सात वाट्या पाणी, पाच लिटरचा कुकर, तीन शिट्ट्या. उघड्या भांड्यात डाळ शिजवण्याच्या भानगडीत पडलात तर वाऱ्यात गॅस संपतो, डाळ तशीच. सकाळी भाजून फोडणी घातलेल्या रव्याचा उपमा. छोट्या शेगडीला लागणारी गॅसची २२० ग्रॅमची दोन कार्ट्रिज चौघांना एका रात्रीला पुरतात. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करा. चहूकडून पत्रा लावला तर कार्ट्रिजच तापतं. ट्रेनने जाणार असाल तर ही कार्ट्रिज नेता येत नाहीत. पाणी मात्र मोजून न्या, पिणं, स्वयंपाक आणि हात धुणं मिळून चौघांना २० लिटर. धरणाचं पाणी प्यायला वापरायचंच झालं तर गाळून, खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा.

आता ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते. मुलांचा कॅम्प फसतो तो बऱ्याचदा शौचामुळे. शहरातलं सहा-सात वर्षांचं मूल उघड्यावर बसत नाही, धरून ठेवतं, पोट दुखतं, मग रात्री जेवत नाही. जाण्याआधी आठवडाभर घरी उकिडवं बसायची सवय करा. राहणार तिथे संडास आहे का, किती तंबूंमागे किती आहेत, रात्री तिथे दिवा असतो का, हे फोनवर विचारा. जिथे नाही तिथे खुरप्याने वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, आणि नंतर माती. ओले वाइप्स पुरायचे नाहीत, ते कुजत नाहीत, पिशवीत घालून घरी आणायचे. रात्रीच्या लघवीसाठी झाकणाची छोटी बादली तंबूच्या दाराशी ठेवा. हसू नका. गारठ्यात "सकाळी जाईन" म्हणून धरून ठेवलेल्या मुलाला झोपही लागत नाही आणि अंथरूण ओलं होण्याचीही भीती. ते ओलं झालं की वरची सगळी मेहनत वाया.

साप-विंचवाची भीती घालू नका, नियम घाला. तंबूची चेन सदैव बंद, आत जातानाही आणि बाहेर येतानाही. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं ही त्याची खूण. तळ शिवलेला तंबू हवा तो यासाठी. बूट आत ठेवा, सकाळी झटकून घाला. दगड आणि लाकडं मुलांनी हाताने उचलायची नाहीत. साप चावल्यास कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. तो भाग हलू द्यायचा नाही, १०८ लावायचा, ग्रामीण रुग्णालय गाठायचं. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिन या गोळीचा उपचार रुळला, पण ती गोळी डॉक्टरांनी द्यायची, आपण नाही. जवळचं रुग्णालय कुठलं आणि किती वेळाचं, हे निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा. दरीत रेंज असेलच असं नाही.

मुलांना या दिवसांत खरा त्रास देते ती खाजकुइली. वेलीवर मखमली तपकिरी शेंगा लोंबतात आणि मुलं हमखास हात लावतात. चोळायचं नाही, पाणीही लगेच ओतायचं नाही. आधी चिकटपट्टी किंवा मळलेल्या पिठाचा गोळा दाबून कुसं उचलायची, मग धुवायचं, आणि कपडे बदलायचे.

शेकोटी करायचीच तर जागेच्या मालकाला विचारून, विकतच्या लाकडाची, तंबूपासून पाच मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा तंबूकडून शेकोटीकडे जाईल अशी. नायलॉनवर ठिणगी पडली की भोक ठरलेलं. विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला एक निखारा पुरतो.

आणि ते स्पीकर. पवना काय, भंडारदरा काय, तंबूंच्या रांगा लावून मधे डीजे ठेवणाऱ्या जागांना मी कॅम्पिंग म्हणणार नाही. ते उघड्यावरचं लग्न आहे, फक्त नवरा-नवरी नाहीत. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. बुकिंगच्या वेळी "आवाज किती वाजता बंद होतो?" हे विचारा. उत्तर "तुम्ही म्हणाल तेव्हा" असं आलं तर समजून घ्या की शेजारचेही म्हणतील तेव्हा. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तंबू नकोच. गाड्यांचे दिवे आणि टॉर्चनी काजवे आधीच बेजार असतात. जायचंच तर गावात घरी राहा आणि दिवे बंद करून बघा.

रविवारी तंबू गुंडाळताना तो दवाने ओला असणारच. तसाच पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलात तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात आणि आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी गच्चीवर किंवा बाल्कनीच्या दोरीवर पसरा आणि तळ उलटा करून पूर्ण वाळवा. गोधड्यांतली कुसळं धुण्याआधीच चिमट्याने काढा. मशीनमध्ये ती निघत नाहीत, घरभराच्या कपड्यांत जातात.