आवाज हमखास सापडतो!

१९४२ च्या 'चले जाव' चळवळीतल्या गुप्त काँग्रेस रेडिओवर लिहिताय? मग आधी मोबाइल काढा. तो चालवणाऱ्या 'उषा मेहतांचं मूळ प्रक्षेपण' म्हणून एखादी क्लिप मिळेलच. त्यात बोलणाऱ्या बाईंचा आवाज सत्तरीचा वाटतो आणि त्या साली उषाबाई २२ वर्षांच्या होत्या, असल्या क्षुल्लक गोष्टींत अडकू नका. मागची खरखर वरून घातलेली असली तरी त्या रेडिओच्या ४२.३४ मीटर लहरीवरचीच समजा.

कागद तर चाळूच नका. सरकारची माणसं हे प्रक्षेपण ऐकून उतरवून घेत, म्हणून त्यातले शब्द आज वाचायला मिळतात. पण साहेबाच्या फायलींवरून क्रांतीचा इतिहास लिहायचा? छे! वेळेचंही तेच. प्रक्षेपण २७ ऑगस्टला सुरू झालं आणि १ सप्टेंबरला युद्धामुळे देशाची घड्याळं तासभर पुढे सरकली. म्हणून त्या काळच्या ग्रिनिच वेळेतल्या नोंदींत साडेपाच तासच मिळवा. साडेसहा मिळवलेत तर सगळं जुळेल आणि पुढच्या संशोधकाला काम उरणार नाही.

स्वातंत्र्यानंतरचं रेडिओवरचं भाषण हवं असेल तर आकाशवाणीच्या संग्रहालयाला लिहा : 'आपल्याकडील सर्व जुनी भाषणे पाठवावीत.' केंद्र, तारीख, वक्ता कळवलेत तर टेप सापडायची भीती असते. आकाशवाणीचे कार्यक्रम छापणारं जुनं नियतकालिक 'द इंडियन लिसनर' पाहून तारीख काढलीतच, तर छापलं म्हणजे वाजलं, वाजलं म्हणजे ध्वनिमुद्रित झालं आणि ध्वनिमुद्रित झालं म्हणजे जपलं, असं धरून चाला. महागड्या टेपा पुसून पुन्हा वापरत, हे विसरा.

नशिबानं टेप हाती आली तर खोक्यावर लिहिलंय तेच आत आहे, यावर श्रद्धा ठेवा. सेकंदाला साडेसात इंचांनी ध्वनिमुद्रित केलेली टेप पंधरानं लावा; वक्ता चिमणीच्या आवाजात निम्म्या वेळात आटोपतो. टेप चिकट वाटली की ५४ अंशांवर आठ तास भाजा. हा उपाय सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांचा. जुनी अॅसिटेट टेप भाजली तर वाकडी होऊन तडकते. रीळ उजेडासमोर धरलं आणि उजेड आरपार दिसला, वर व्हिनेगरचा वास आला, की ती अॅसिटेटच. पण एवढं कोण बघतो? तडकेपर्यंत तुमच्या प्रबंधात 'मूळ टेप प्रत्यक्ष तपासली' ही तळटीप छापून झालेली असते.