बाळाची टाच टोचून घ्या

"कितला गुनी शे पोऱ्या, रडस बी नही!" बाळंतिणीला भेटायला गेलेल्या बायकांच्या तोंडी आपल्या खान्देशात हे कौतुक असतंच. असेलही गुणी. पण दूध पाजायलाही उठवावं लागतं, पंधरा दिवस झाले तरी कावीळ उतरत नाही, शी रोज होत नाही, असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. जन्मजात थायरॉइड कमी असलेली बाळं अशी असू शकतात. बऱ्याच बाळांत तर सुरुवातीला काहीच दिसत नाही, आणि दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असतं. ते भरून येत नाही. आपल्या देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हे असतं. उपाय? थायरॉक्सिनची स्वस्तातली गोळी, कुस्करून, चमचाभर आईच्या दुधातून, रोज. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर पोर चारचौघांसारखं वाढतं.

हे कळतं टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवरून. रॉबर्ट गथ्री या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात फिनाइलकीटोन्युरिया या दुसऱ्या एका जन्मजात आजारासाठी ही पद्धत रुळवली. थेंब टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे, पाकिटात घालून पाठवायचे. बर्फ नको, पेटी नको; सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरूनही जाईल. गोव्याने २००८मध्ये सरकारी दवाखान्यांत सुरू केलं, केरळातही होतं. आपल्याकडे खासगीत पन्नास आजारांचं पॅकेज विकतात. सरकारी दवाखान्यात बीसीजी, पोलिओचा डोस चुकत नाही, पण टाचेचं कुणी नावही काढत नाही. पाचवीला सटवाईसमोर कोरा कागद-पेन ठेवायला मात्र आपण विसरत नाही.

"बाई दुसऱ्या दिवशीच घरी जाते, थेंब घ्यायचे कधी?" असं विचारतात. प्रश्न खरा आहे. थायरॉइड कमी आहे का हे ज्यावरून कळतं ते टीएसएच हे संप्रेरक पहिल्या दिवशी सगळ्याच बाळांत चढलेलं असतं, म्हणून ४८ तासांनंतर घेतलेलं बरं. पण तिसऱ्या दिवशी आशाताई बाळाचं वजन करायला घरी येतेच ना? मलेरियासाठी बोट टोचायचं तिला ठाऊक आहे. टाचेचं नीट शिकवा आणि वेगळा मोबदला द्या. फुकटात अजून एक काम गळ्यात मारू नका.

त्याच कागदावर जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइमही तपासता येतं. आमच्याकडे बाळाला गुंडाळतात ट्रंकेतल्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात, डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो त्याला. हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांमुळे फुटू शकतात, कावीळ झपाट्याने चढते. पुढे मलेरियात प्रायमाक्वीन हे औषध देतानाही हे माहीत असावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मलेरिया काही नवा नाही. (दुपटी धुऊन उन्हात वाळवा, तपासणी होवो न होवो.)

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी १ जुलै २०२३ला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, आपल्या आदिवासी भागात त्याचं रक्त तपासतात. म्हणजे माणसं आहेत, वाट पडलेली आहे. पन्नास आजार नकोत. आधी थायरॉइड आणि जी-सिक्स-पीडी हे दोनच करा. फक्त रिपोर्ट घरापर्यंत कोण पोचवणार आणि गोळी कुठल्या आरोग्य केंद्रात मिळणार, हे पहिलं ठरवा. नाहीतर कागद तालुक्याच्या कपाटात पडून राहतील आणि बाळाचे दोन आठवडे उलटून जातील.