जळून गेलेलं प्रेत उठणार कसं?

नमस्कार.

मराठी भयकथाकार नारायण धारप आणि हिंदी भयपट काढणारे रामसे बंधू यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखी नव्हती, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. धारप म्हणजे अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगची उसनवारी, तेव्हा त्यांचं कौतुक म्हणजे चोरीचं कौतुक. रामसेपट हसण्यापलीकडे कशाच्याच लायकीचे नाहीत. ‘कल्ट’, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट, हे न खपलेल्या मालावर डकवायचं लेबल. आणि शेवटी, जरा वैतागूनच, “यात बघायचं तरी काय, ते सांगा.”

हा वैताग रास्त आहे, कारण आमच्यासारखे लोक ‘वातावरणनिर्मिती अफाट’ एवढं लिहून मोकळे होतात. म्हणून नेमकं काय बघायचं तेच सांगतो. पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट आणि किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा, या दोन्हींचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना चालत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

आधी तुमचं बरोबर आहे ते. धारपांची ‘लुचाई’ ही किंगच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’ या कादंबरीवरून आणि ‘आजी’ ही त्याच्याच ‘ग्रॅमा’वरून, यात वाद नाही. रूपांतरावर मूळ लेखकाचं नाव ठसठशीत हवं, हेही मान्य. पण देवलांचा ‘झुंजारराव’ ऑथेल्लोवरून आणि पुलंची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आलीय हे माहीत असूनही आपण ती नाटकं मराठी म्हणूनच बघतो. श्रेयाचा हिशेब वेगळा, कारागिरीचा वेगळा. तुम्ही पहिला मांडलात आणि दुसरी वही उघडलीच नाहीत.

तर ती उघडू. भयकथा इंग्रजीतून मराठीत आणायची तर गावांची आणि माणसांची नावं बदलणं हे सगळ्यात सोपं काम. अडतं ते पुढे. पहिली अडचण शेजाऱ्यांची. अमेरिकेतल्या खेड्यात घरं एकमेकांपासून लांब असतात, एकटेपणा फुकट मिळतो. आपल्याकडे चाळीत किंवा वाड्यात किंकाळी फुटली की भिंतीपलीकडून “काय झालं हो?” येणार. मग लेखकाला शेजार हटवावा लागतो. ओढ्याला पूर आणा, घर गावकुसाबाहेर काढा, सगळ्यांना जत्रेला पाठवा. नवशिका लेखक हे विसरतो आणि वाचकाच्या मनात पहिल्या पाच पानांतच प्रश्न उभा राहतो, की हा माणूस ओरडत का नाही?

दुसरी अडचण क्रुसाची. ‘सालेम्स लॉट’मध्ये पाद्री कॅलाहान क्रूस हातात धरून उभा असतो, त्याची श्रद्धा डळमळते आणि क्रुसाचं तेज विझतं. त्या प्रसंगामागे चर्च नावाची एक आख्खी व्यवस्था आहे. मराठीत त्या जागी कोण आणणार? गुरव, भटजी, भगत, मांत्रिक, सगळ्यांचं गावाशी नातं वेगवेगळं. भटजीची श्रद्धा डळमळली तर वाचक खांदे उडवेल. त्याच्याकडून कुणी भूत घालवायची अपेक्षाच धरत नाही. भगत घाबरला तर मात्र पोटात गोळा येतो. धारपांनी आपल्या कथांसाठी ‘समर्थ’ हे पात्र घडवलं, ते नेमक्या या रिकाम्या जागेसाठी. शांत, अभ्यासू, देव्हारा न मांडणारा माणूस. तो फार लवकर प्रकट होतो आणि मग भीती ओसरते, ही माझी त्यांच्याबद्दलची कायमची तक्रार. पण जागा त्यांनी अचूक हेरली होती.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि माझ्या मते सगळी मौज तिच्यात आहे. पाश्चात्त्य भयकथेचा निम्मा डोलारा शवपेटीवर उभा असतो. माणूस पुरला, म्हणून तो उठू शकतो. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात. तिसऱ्या दिवशी राख सावडली की उठायला उरतं काय? म्हणून मराठी भुतांना देह लागत नाही, जागा लागते. मुंजा पिंपळावर. समंध म्हणजे निपुत्रिक गेलेला किंवा इच्छा राहून गेलेला, तो घर, विहीर, पुरलेलं धन धरून बसतो. आपलं भूत देहातून नाही, राहून गेलेल्या देण्याघेण्यातून येतं. तेव्हा परदेशी गोष्ट आणणाऱ्याला ठरवावंच लागतं, की प्रेत ठेवायचं की समंध?

आता रामसेंकडे या. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सैतान सामरी आठवा. राजा त्याचं डोकं उडवतो, धड एकीकडे पुरतो, शिर पेटीत घालून दुसरीकडे ठेवतो, आणि दोन्ही जुळेपर्यंत राजघराण्यावर शाप. हे हास्यास्पद वाटतं, कारण आपण त्याच्याकडे उत्तर म्हणून बघत नाही. सामरीला अग्नी दिला असता तर चित्रपट पंधराव्या मिनिटाला संपला असता. आणि नुसतं पुरला असता तर हिंदू राजानं का पुरला, हा प्रश्न उरला असता. ‘शिक्षा म्हणून अग्नी नाकारला, वर तुकडे केले’ ही तडजोड दोन्ही बाजू सांभाळते. तिकडचं थडगं आणि इकडचा शाप एकाच पेटीत बसवलेत. त्यांच्या १९७२ च्या भयपटाचं नावच ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ होतं, यावरून हा पेच त्यांना किती जवळचा होता ते कळतं.

बाकी तुमची यादी मान्य आहे. झूमचा अतिरेक, न्हाणीघरातली दृश्यं, आणि जगदीपचा मच्छरसिंग, म्हणजे भयपटाच्या मधोमध ‘शोले’चं विडंबन. ते विडंबन मुख्य कथेला कुठेच चिकटत नाही. पण ती ढिलाई नाही, धंदा आहे. एका तिकिटात भीती, गाणी, मारामारी आणि हसू देण्याचा करार प्रेक्षकाशी झालेला होता. पहिल्यांदा बघताना ते पुढे पळवू नका. सलग भीती दिली तर प्रेक्षक तिला सरावतो, मध्ये हसवलं की पुढचा दरवाजा करकरल्यावर तो पुन्हा कोरा असतो. दुसऱ्यांदा खुशाल पळवा.

आता ‘आजी’, कारण तुमचा सगळ्यात जोरदार वार तिथे आहे.

किंगची ‘ग्रॅमा’ १९८५ च्या ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात आहे. अकरा वर्षांचा मुलगा, भावाचा पाय मोडल्यामुळे आई दवाखान्यात, घरात अंथरुणाला खिळलेली महाकाय आजी. आजी मरते, आणि मेल्यावर हलते. शेवटी मावशी त्याला सांगते, की तिला ‘हस्तर’च्या नावानं आज्ञा दे, झोपून राहा म्हणून. उपयोग होत नाही. आजी मुलाचा ताबा घेते.

नाव ओळखीचं वाटलं ना? ‘तुंबाड’मधल्या दैत्याचंही हेच. आता ते मागे नेऊ. किंगनं ते एच. पी. लव्हक्राफ्ट या जुन्या अमेरिकन भयकथाकाराच्या परंपरेतून उचललं. लव्हक्राफ्टच्या १९३१ च्या एका कथेत ते ओझरतं येतं. त्याआधी रॉबर्ट चेंबर्सनं १८९५ मध्ये वापरलं. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, अँब्रोज बिअर्सच्या एका छोट्या कथेत हस्तर हा मेंढपाळांचा चक्क सौम्य, दयाळू देव आहे. म्हणजे तुमच्या व्याख्येनं किंगही चोर, लव्हक्राफ्टही चोर. उरतो एक बिचारा मेंढपाळ.

पुढची साखळी अशी. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंना मित्रानं नागझिऱ्याच्या जंगलात धारपांची गोष्ट तोंडी ऐकवली, ती डोक्यात राहिली आणि २०१८ मध्ये ‘तुंबाड’ आला. शीर्षक श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारं. यात धारपांचं काम काय? माझ्या दृष्टीनं हे, की गोष्ट रात्री जंगलात मराठीत सांगता येईल इतकी इथली झाली. पुस्तक हातात नसताना जी गोष्ट तोंडी चालते, तिचं रूपांतर पक्कं झालेलं असतं.

आणि आता बदल मोजा. किंगचा हस्तर नुसतं नाव आहे, त्याला चेहरा नाही. ‘तुंबाड’मध्ये त्याला आई आहे, भावंडं आहेत, भूक आहे. सोनं त्याचं झालं, पण धान्याला हात लावायच्या आत देवांनी त्याला तोडला. या एका वाक्यातून चित्रपटाचा सगळा व्यवहार निघतो. चित्रपटाचा नायक विनायक विहिरीतून दोरानं खाली उतरतो, कंदील ठेवतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली टाकतो. हस्तर बाहुलीवर तुटून पडला, की तेवढ्या क्षणांत त्याच्या लंगोटातल्या मोहरांपैकी हाताला लागतील तेवढ्या घ्यायच्या आणि वर यायचं. देवघरातलं किंवा स्मशानातलं सामान एकही नाही. कणीक, पीठ, दोर, कंदील. स्वयंपाकघरातलं साहित्य घेऊन माणूस लुटायला निघालाय. पिठात मळलेले हात आणि सोनं एकाच चौकटीत दिसतात तेव्हा जी शिसारी येते, ती कुठल्याही रक्तापेक्षा जास्त आहे.

नियमही पाळलेला आहे. विनायकचा मुलगा पांडुरंग पहिल्या खेपेला स्वतःजवळ एक बाहुली ठेवतो, रिंगण आखायच्या आत ती बाहेर येते आणि हस्तर अवेळी उतरतो. पुढे तोच पोरगा सुचवतो, की सारखं चोरण्यापेक्षा लंगोटच आणू, बाहुल्या जास्त नेऊ. बाहुल्या जास्त नेल्या, तर हस्तरही तेवढेच येतात. हिशेबाची चूक आधी छोटी दाखवली, मग तीच मोठी करून अंगावर आणली. आपल्या भयपटांत नियम मध्यंतरानंतर बदलतात, इथे बदलत नाही. तो फक्त लोभाच्या पटीत वाढतो.

आणि प्रेताचं काय? इथे मला हा चित्रपट सगळ्यात जास्त आवडतो. हस्तर ज्याला डसला त्याला मरण नाही. किंगच्या आजीच्या जागी इथे आलेली म्हातारी वर्षानुवर्षं पडून आहे, तिच्या देहातून झाड उगवलंय, आणि तरी ती बोलते. रहस्य सांगितल्यावर विनायक तिला जाळतो, ती सुटका असते. शेवटी विनायकच शापित होतो, मुलापुढे लंगोट धरतो. मुलगा तो नाकारतो, ‘सो जा, नहीं तो हस्तर आ जाएगा’ म्हणतो आणि बापाला अग्नी देतो. किंगकडे जी आज्ञा निकामी ठरली होती, ती इथे अंगाईसारखी येते, आणि तिच्यासोबत चूड. रामसेंनी अग्नी टाळून गोष्ट चालवली. ‘तुंबाड’नं अग्नी हाच एकमेव दरवाजा केला. परक्या गोष्टीतला जो भाग आपल्याकडे बसत नव्हता, तोच शेवट झाला. याला उसनवारी म्हणायचं असेल तर म्हणा. इतक्या व्याजानं परत केलेली उसनवारी मराठीत फार थोडी आहे.

‘कल्ट’बद्दल थोडक्यात. पडला म्हणून कल्ट होत नाही. पडलेले बहुतेक चित्रपट पडायच्याच लायकीचे असतात. ‘तुंबाड’ १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, तेही ओटीटीवर घरोघरी पाहून झाल्यावर. म्हणजे शेवट माहीत असलेले लोक तिकीट काढून गेले. माझी कसोटी एवढीच, की रहस्य माहीत झाल्यावर दुसऱ्यांदा बघण्यासारखं काय उरतं? ‘पुराना मंदिर’ला मी या कसोटीवर काठावर पास करेन.

आता करून बघा. रामसेपट यूट्यूबवर बघत असाल तर आधी प्रिंट तपासा. दोघं समोरासमोर बोलताना कडेच्या माणसाचा अर्धा चेहरा कापला जात असेल किंवा श्रेयनामावलीतली अक्षरं तुटत असतील, तर ती टीव्हीसाठी कडा छाटलेली प्रत आहे. ती सोडा, दुसरी शोधा. गडद दृश्यांत नुसता काळा चिखल दिसला तर दोष छायाचित्रणाचा असेलच असं नाही, बऱ्याचदा तो फिल्मवरून व्हिडिओवर केलेल्या वाईट हस्तांतराचा असतो. ‘तुंबाड’ टीव्हीवर लावताना मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही स्वतःच हालचाल गुळगुळीत करतो ती सोय, बंद करा. एलजीवर ते ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा नव्या टीव्हींवर पिक्चर क्लॅरिटी, सोनीवर मोशनफ्लो या नावानं असतं. ते चालू राहिलं, तर पाऊस दूरदर्शनच्या मालिकेतल्यासारखा दिसतो. आणि खोलीतला दिवा घालवा. पडद्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तर विहिरीचा तळ दिसणारच नाही.

धारप वाचायला कादंबरीपासून सुरुवात करू नका. कथा घ्या, एका बैठकीत एक. सलग तीन वाचल्या की साचा दिसायला लागतो: समंजस निवेदक, मग शंका, मग पुरावा, मग विधी. मूळ इंग्रजी गोष्ट माहीत असेल तर पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे बदल दिसेल तिथे समासात खूण करा. बदल नाहीच, असं पान आलं तर तिथे फुली. शेवटी फुल्या जास्त निघाल्या तर तुमची मूळ प्रतिक्रिया मी लेखाच्या वर चिकटवीन.

साकेत प्रकाशनानं धारपांची बरीच पुस्तकं पुन्हा छापलीत, ती सहज मिळतात. वाचनालयातून बाद झालेली जुनी प्रत रद्दीच्या दुकानातून घेणार असाल तर मुखपृष्ठावर जाऊ नका. वाचनालयवाले पुठ्ठा घालताना कडेनं जाड दोऱ्याची टाच मारतात, त्यात आतला समास जातो आणि ओळींची टोकं शिवणीत शिरतात. मधलं एखादं पान पूर्ण उघडून वाचता येतंय का बघा. मग शेवटाकडे या. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलेलं असतं, आणि सैल झालेल्या प्रतीत सगळ्यात आधी निसटतो तो शेवटचा फर्मा. भयकथेच्या बाबतीत नेमकी तीच सोळा पानं नसली तर बाकीची दोनशे घेऊन करणार काय? दुकानदाराला घाई असली तरी शेवटचं पान उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.