दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: मेळघाटात आम्ही बोलेरोच का पाठवतो

नमस्कार भाऊ,

बाबूजी घरी आले असं तुम्हीच लिहिलंय, वाचून बरं वाटलं. त्यांच्या दुखण्याबद्दल मी इथे चारचौघांत काही बोलणार नाही. गाडीबद्दल बोलतो, कारण तक्रारी गाडीच्याच आहेत: ॲम्ब्युलन्स म्हणून बोलेरो पाठवली, हादऱ्यांनी हाल झाले, व्हेंटिलेटर नव्हता, ऑक्सिजनची बाटली अर्धी रिकामी होती, आणि परतवाड्यात गाडी बदलून वरून भाडं वाढवलं.

आधी बाटलीचं. हे वाचून उद्या एखादा फोनच करायचा नाही. तुम्ही पाहिली ती ह्युमिडिफायरची बाटली. तिच्यात नुसतं पाणी असतं, ऑक्सिजन त्यातून बुडबुडत, ओला होऊन पेशंटकडे जातो. सेमाडोहच्या आतल्या रस्त्यावर ती जास्त भरली तर हादऱ्यांनी पाणी नळीत चढतं, म्हणून आमची पोरं ती निम्मीच ठेवतात. ऑक्सिजन किती उरला हे सिलिंडरच्या काट्यावर बघायचं. बी टाइप, म्हणजे छोटा सिलिंडर, भरलेला असला की काटा १५० च्या आसपास असतो, म्हणजे साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने सोडला तर अडीच तास. पावसाळ्यात आतल्या गावाहून परतवाडा गाठायला तेवढ्यात भागेलच असं नाही, म्हणून दोन सिलिंडर, दोन्ही पट्ट्यांनी आवळलेले. ७००० लिटरचा डी टाइप का नाही? तो बोलेरोत टाकला तर पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाला जागाच राहत नाही, आणि तो माणूस मला जास्त मोलाचा वाटतो.

हादऱ्यांचं म्हणणं खरं आहे. बोलेरोला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, वजन कमी असलं की ती उसळतेच. आरामशीर मोठी व्हॅन आमच्याकडेही आहे, पण ती लांब आहे, रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) उतरताना तिचं मागचं टोक घासतं. शिवाय ती पुढच्या चाकांवर ओढते. पेशंट, सिलिंडर, नातेवाईक सगळं वजन मागे, आणि चढावर चिखल लागला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. बोलेरोला मागची चाकं ढकलतात, पोट उंच आहे. घटांगच्या घाटात रात्री गाडी फसली तर आतल्या मऊ गादीचं काय करायचं, सांगा.

बिनचाकाच्या स्ट्रेचरवरही तुम्ही हसला आहात. तो स्कूप स्ट्रेचर. उभा दोन भागांत सुटतो, दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवून पुन्हा जोडायचा, पेशंटला उचलावं लागत नाही. तुमच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या चिखलात चाकं रुतली असती.

व्हेंटिलेटर प्रत्येक ॲम्ब्युलन्समध्ये असतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. एआयएस-१२५ या ॲम्ब्युलन्सच्या मानकात गाड्यांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. सी म्हणजे बेसिक, डी म्हणजे ॲडव्हान्स्ड, व्हेंटिलेटर डी मध्ये. सरकारी १०८ सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हाही ९३७ गाड्यांपैकी २३३ च ॲडव्हान्स्ड होत्या, बाकी ७०४ बेसिक. चालवणारा जाणकार सोबत नसेल तर व्हेंटिलेटर नुसता शोभेला, आणि तसा मी लावणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता गाडी बदलण्याचं. आतल्या रस्त्याला बोलेरोच लागते, म्हणून परतवाड्याला गाडी बदलतो. तिथून अमरावती पन्नासेक किलोमीटर, डांबरी रस्ता, तिथे मोठी व्हॅनच बरी. दोन्ही गाड्यांचं भाडं वेगळं लागतं हे बुकिंगच्या वेळी तुमच्या घरच्यांना सांगितलं होतं, पावतीही दोन आहेत. त्यामुळे पैसे परत करण्याचा प्रश्न येत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: आधी १०८ लावा, ती फुकट आहे. गाडी लांब असेल तर आम्हाला करा. फोनवर पेशंट बसू शकतो का, दम लागतोय का, आणि गावाच्या रपट्यावर पाणी किती आहे एवढं सांगा. पाण्यावरून आम्ही रस्ता ठरवतो.