खेळत होते तेव्हा 'तो', न्यायमूर्ती झाल्यावर 'ते'

ॲलन पेज यांच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली: फुटबॉलपटू, जो पुढे न्यायमूर्ती झाला. मला ते 'पुढे' खटकतं. आपली मराठीसुद्धा मैदानावर 'तो' म्हणते आणि कोर्टात 'ते'. मी आधीपासूनच 'ते' म्हणणार.

अमेरिकन फुटबॉल मला अर्धामुर्धाच कळतो. पण पेज मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाच्या बचावफळीत मधोमध खेळायचे, जिथे प्रत्येक डावाला शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात. गुण करणारे, टाळ्या घेणारे वेगळे. तरीही 1971 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांनाच निवडलं. त्याआधी हा मान एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, चार खेळले, चारही हरले. असो.

खेळता खेळताच ते मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकले. 1978 मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी क्लबने नारळ दिला. धावण्याचं वेड लागून वजन उतरलं होतं, ते प्रशिक्षकांना चालेना. शिकागो बेअर्सने अवघ्या 100 डॉलरमध्ये त्यांना उचललं आणि ते 1981 पर्यंत खेळले! हिशेब कोणाचा चुकला ते तुम्हीच बघा.

न्यायमूर्तिपदही कोणी ताटात वाढून दिलं नाही. मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची जागा निवडणुकीने भरतात. 1992 ची निवडणूक टळणार असं दिसताच पेज कोर्टात गेले, जिंकले, मग निवडणूकही जिंकले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. 1993 पासून 2015 पर्यंत, म्हणजे सत्तरीला सक्तीची निवृत्ती येईपर्यंत, ते तिथे होते.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडतो तो 1988 चा दिवस. ओहायोतलं कँटन हे त्यांचं जन्मगाव. तिथल्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या संग्रहालयाच्या, बांधकामावर पोरवयात त्यांनी मजुरी केली होती. आता तिथेच त्यांचा सन्मान. अशा वेळी ओळख करून द्यायला लोक जुना प्रशिक्षक किंवा संघातला दोस्त आणतात. पेज यांनी मिनियापोलिसच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. भाषणात सामन्यांच्या आठवणी बाजूलाच राहिल्या. एकदा संघाच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायला सांगितली, तर काही सहकाऱ्यांना ती वाचताच येईना, हे त्यांनी सांगितलं. कॉलेजं करून आलेली माणसं ही! त्याच वर्षी त्यांनी मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं.